विसार एकाचा, खरेदी दुसऱ्याची

आज आपण जमिनीच्या एजंटाबद्दल बोलणार आहोत. रस्ता मोठा होणार, एमआयडीसी येणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी गावात नव्या मोटारसायकली फिरू लागतात. कोणी त्यांना दलाल म्हणते, कोणी मध्यस्थ. त्यांच्या स्वतःच्या कार्डावर ‘लँड डेव्हलपर’ असे छापलेले असते. या लोकांना सरसकट चोर म्हणायची आपल्याकडे सवय आहे, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवून ‘आमचे दोन एकर बघा की’ म्हणायचीही सवय आहे. म्हणून आम्ही ठरवले, या धंद्याची नीट फोड करून सांगायची. त्यात कष्टाचा पैसा कोणता आणि लबाडीचा कोणता हे कळले, की समोरच्याला काय विचारायचे तेही कळते.

आधी दोन साधी माणसे घेऊ. भाजीचा व्यापारी तुमची मेथी बांधावरच विकत घेतो, पैसे मोजतो आणि टेम्पोत भरून नेतो. पुढे भाव पडला तर नुकसान त्याचे, चढला तर नफा त्याचा. दुसरा कमिशनवाला एजंट. तो सांगतो, मी गिऱ्हाईक आणतो, व्यवहार झाला की दोन्हीकडून टक्का-दोन टक्के घेईन. आकडा उघड असतो, पटला तर हो म्हणा. या दोघांबद्दल आमची काही तक्रार नाही.

तिसरा माणूस मात्र वेगळा. तो व्यापाऱ्यासारखा ‘मीच घेतो’ म्हणतो, पण पुरते पैसे मोजत नाही. एजंटासारखे गिऱ्हाईक शोधतो, पण कमिशन किती ते बोलत नाही. आजचे बोलणे मुख्यतः याच्याविषयी.

बैलबाजार तुम्ही पाहिला असेल. हेडी मालकाचा हात हातात घेतो, वरून उपरणे टाकतो आणि बोटे दाबून भाव करतो. मग तोच हेडी चार पावलांवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा हात धरतो, पुन्हा उपरणे टाकतो. मालकाशी काय ठरले ते गिऱ्हाइकाला कळत नाही, गिऱ्हाइकाने काय कबूल केले ते मालकाला कळत नाही. दोन्ही भाव फक्त मधल्याला माहीत. बैलाचा व्यवहार दुपारपर्यंत आटोपतो तरी. जमिनीच्या व्यवहारात हे उपरणे सहा-सहा महिने हातावर राहते.

कसे, ते आकड्यांत बघू. समजा, एका बाईच्या नावावर दोन एकर आहे. नवरा गेलेला, मुलीचे लग्न तोंडावर, वर सोसायटीचे कर्ज. एजंट येतो, म्हणतो, ‘मावशी, मीच घेतोय, घरचीच माणसे आपण.’ एकरी १८ लाख ठरतात, म्हणजे एकूण ३६ लाख. तो १ लाख विसार देतो, सहा महिन्यांची मुदत घेतो आणि पाचशेच्या स्टॅम्पवर विसारपावती करतो. त्या पावतीत एक ओळ असते: ‘लिहून घेणार यांचे नावे अथवा ते सांगतील त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देऊ.’ बाई सही करते. आता एजंट शहरात जाऊन एखाद्या डॉक्टरला किंवा प्लॉटिंगवाल्याला तीच जमीन एकरी २७ लाखांना दाखवतो. ठरलेल्या दिवशी सगळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमतात. खरेदीखत बाईकडून थेट शहरवाल्याच्या नावे होते. बाईला ३६ मिळतात, शहरवाला ५४ देतो. मधले १८ लाख ज्याला मिळाले, त्याच्या नावावर ती जमीन एक दिवसही नव्हती. त्याने लावले काय, तर १ लाख रुपये आणि पेट्रोल.

आणि गिऱ्हाईक मिळालेच नाही तर? मग तो येतो आणि म्हणतो, ‘मावशी, मंदी आहे, मुदत वाढवून द्या.’ नाहीतर विसार परत मागतो. या सहा महिन्यांत दुसरे चांगले गिऱ्हाईक आले तरी बाईला हो म्हणता येत नाही. लग्न लांबते, कर्जाचे व्याज चढते. आमच्या मते यातली सगळ्यात वाईट गोष्ट १८ लाखांची नाही, ही आहे. नफा मिळाला तर पुरता त्याचा, अडकून पडायचे मात्र बाईने.

खरेदीखतात किंमत किती लिहिली जाते, तेही डोळ्यांत तेल घालून बघायला हवे. कागदावर ५४ लिहिले आणि हातात ३६ आले, तर कागद म्हणणार की ५४ तुम्हीच घेतले. उद्या दीर विचारतील, मुले विचारतील, बाकीचे गेले कुठे? उघडपणे धंदा करणारा मध्यस्थ अशा वेळी खरेदीखतात ‘मान्यता देणार’ म्हणून सही करतो आणि आपल्याला किती मिळाले ते स्वतःच्या नावे लिहून घेतो. तसे करणारेही आहेत. जे नको म्हणतात, ते का नको म्हणतात हे तुम्हीच ओळखा.

आता कायदा काय म्हणतो? विसारपावती किंवा साठेखत केल्याने जमीन दुसऱ्याची होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे स्पष्ट आहे. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. पण विसार देणाऱ्याला ‘माझ्या नावे खरेदी करून द्या’ असे कोर्टातून मागायचा अधिकार मिळतो, आणि ‘ते सांगतील त्या इसमाचे नावे’ या ओळीमुळे तो अधिकार पुढे तिसऱ्याला देण्याची वाट मोकळी होते. तेव्हा हा धंदा उठल्यासुटल्या बेकायदा म्हणता येणार नाही. प्रश्न तो बोलला काय आणि लपवले काय याचा आहे.

इथे एक जुना कायदा आपल्या बाजूने आहे, आणि तो फार कमी बायकांना माहीत असतो. १८७२ चा करार कायदा. त्याचे कलम २१६ सांगते की एजंटाने मालकाला न कळवता, मालकाच्याच कामात स्वतःच्या नावावर व्यवहार करून फायदा कमावला, तर तो फायदा मालक मागू शकतो. म्हणजे ‘तुमची जमीन विकून देतो’ असे म्हणून जो तुमचे काम घेतो, त्याने मधले १८ लाख गुपचूप ठेवायचे नाहीत. ते तुमचे आहेत. म्हणूनच हुशार एजंट कागदावर एजंट होतच नाही. तो ‘लिहून घेणार’ होतो, म्हणजे खरेदीदार. तोंडाने ‘मावशी, तुमचे काम मी करून देतो’ आणि कागदावर ‘मी खरेदीदार’. या दोन बोलण्यांतल्या फटीत त्याचा सगळा नफा बसलेला असतो. तेव्हा पहिल्याच भेटीत सरळ विचारा, ‘तू माझा एजंट की तू घेणार?’ एजंट असेल तर कमिशन लेखी ठरवा. घेणारा असेल तर पैसे कुठून आणणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एजंटांची बाजूही सांगायला हवी, कारण आमचे भाऊ, दीर, पुतणेही हे काम करतात. ते म्हणतात, दहा व्यवहारांतला एखादा लागतो. वारस नोंदी रखडलेल्या असतात, बांधाचे भांडण असते, वाटेचा प्रश्न असतो. तलाठ्याकडे आणि मोजणीच्या कचेरीत खेटे आम्हीच घालतो. मावशींना शहरातला डॉक्टर कुठे भेटला असता? आणि १८ लाखांना त्या स्वतः हो म्हणाल्या होत्या, गळ्यावर सुरी थोडीच ठेवली? यातले पहिले म्हणणे आम्हाला मान्य आहे. खेटे घालणे हे काम आहे, त्याची मजुरी मिळाली पाहिजे, चांगली मिळाली पाहिजे. दुसरे म्हणणे मात्र पटत नाही. बाई १८ ला हो म्हणाली ती ‘हाच भाव चालू आहे’ हे त्याचे शब्द खरे धरून. त्याला २७ चे गिऱ्हाईक दिसत होते, तिला दिसत नव्हते. ‘मावशी, मी ही जमीन पुढे कोणाला तरी जास्तीने देणार आहे, वरचा पैसा माझा’ असे त्याने सांगितले असते आणि तरीही तिने सही केली असती, तर आम्ही काही बोललो नसतो. घाई असते, अडचण असते, माणूस कमी भावातही समजून उमजून देतो. सांगितल्यावर व्यवहार होणारच नसेल, तर तो नफा खेट्यांचा होता की न सांगण्याचा?

हा धंदा फक्त आपल्याच मुलखात चालतो असे नाही. अमेरिकेत घरांच्या बाबतीत अगदी हेच चालते आणि त्याला ‘होलसेलिंग’ म्हणतात. तिथे विजेच्या खांबांवर पाट्या लावलेल्या असतात, ‘आम्ही घरे घेतो, रोख पैसे.’ फोन करणारे बहुतेक अडलेले असतात: हप्ते थकलेले, म्हातारे, आईबापाचे जुने घर वाट्याला आलेले. त्यांच्याकडून करार लिहून घ्यायचा आणि घर न घेता तो करारच जास्त पैशाला तिसऱ्याला द्यायचा. पदरचे पैसे न घालता श्रीमंत व्हा, असे सांगत हा धंदा शिकवणारे वर्गही तिथे चालतात. बदनामी इतकी झाली की एकेका राज्याला कायदे करावे लागले. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये ठरवले की बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त असे व्यवहार करणाऱ्याला दलालीचा परवाना हवा. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कायदा केला, त्याच्या नावातच अशा होलसेलरला ‘शिकार साधणारा’ या अर्थाचा शब्द आहे. साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये हा धंदाच बंद करायचे ठरवले.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याखाली एजंटाला नोंदणी करावी लागते, पण ती नोंदणी झालेल्या इमारतींच्या आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांतली विक्री करणाऱ्याला. तुमचा गट नंबर, तुमची जिरायत, तुमची विहीर विकायला निघालेल्याला ती लागत नाही. कार्डावर ‘रेरा रजिस्टर्ड’ दिसले म्हणून हुरळून जाऊ नका.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र ऐकून आम्ही चपापलो. तिथे हे होलसेलर गल्लीगल्लीत खबरे ठेवतात. कोणाचे घर पडीक आहे, कोणाचा घटस्फोट चालला आहे, कोणाचे हप्ते तुंबले आहेत, ही खबर आणून द्यायची आणि व्यवहार झाला की बक्षिसी घ्यायची. त्या खबऱ्याला ‘बर्ड डॉग’ म्हणतात, शिकाऱ्यासाठी पाखरू हुडकणारा कुत्रा. आता आपल्या गावात असा खबऱ्या कोण? मैत्रिणींनो, वाईट वाटून घेऊ नका, पण एजंटाची पहिली नजर आता बचतगटाकडे वळते. ‘ताई, तुमच्या गटात कोणाला पैशाची नड आहे का, नुसते नाव सांगा, पाच हजार देतो.’ आपल्या मासिक बैठकीत काय काय बोलले जाते आठवा. कोणाचा हप्ता तिसऱ्यांदा चुकला, कोणाचा नवरा दवाखान्यात आहे, कोणी मंगळसूत्र गहाण टाकले. ती बाई हे गटापुढे बोलते ते उसनवार मिळावी म्हणून, मुदत मिळावी म्हणून. गटाची वही म्हणजे त्या बाईच्या अडचणींची वही आहे. तिच्यातले एक नाव बाहेर गेले, की एजंट बरोबर त्या आठवड्यात तिच्या दारात उभा राहतो, ज्या आठवड्यात ती नाही म्हणू शकत नाही. आमचे म्हणणे आहे, प्रत्येक गटाने पुढच्याच बैठकीत ठराव करून वहीत लिहावे की गटातली माहिती जमिनीच्या व्यवहारासाठी कोणी बाहेर द्यायची नाही. आणि कोणाला जमीन विकणे भागच असेल तर तिच्यासोबत भाव काढायला गटातल्या दोघी जातील, हेही लिहावे.

भाव काढणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. एजंट म्हणतो, ‘सरकारी भाव बारा लाख आहे, मी अठरा देतोय.’ तो ज्याला सरकारी भाव म्हणतो तो रेडीरेकनरचा दर, मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी सरकारने ठरवलेला. बाजारातला भाव त्याहून कितीतरी वेगळा असू शकतो. खरी माहिती मिळते ती शेजारपाजारच्या खरेदीखतांतून. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की झालेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन बघता येते: कोणी दिली, कोणी घेतली, किती क्षेत्र, मोबदला किती. गटातल्या कोणाच्याही लेकीला सांगा, मोबाईलवर काढून देईल. नाहीतर सेवा केंद्रात जा. आपल्या रस्त्याला लागून असलेले चार-पाच गट बघा, गेल्या दोन-तीन वर्षांतले. कागदावर किंमत कमी दाखवायची खोड आपल्या लोकांना आहे, म्हणून त्या आकड्याला कमीत कमी समजा. एवढे हातात असले की उपरणे निम्मे तरी सरकते.

सहीच्या वेळी आणखी काही गोष्टी लक्षात असू द्या. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे खरे. पण ‘नुसती नोटरी आहे, त्याला काय किंमत’ असे म्हणून सही ठोकू नका. त्या कागदावरही कोर्टात दावा लावता येतो. मुदत संपली की पावती आपोआप मेली असेही नाही. खरेदीची जी तारीख ठरली असेल, तिच्यापासून तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. म्हणून मुदत मोडली तर विसाराचे काय होणार हे आधीच लिहून घ्या, आणि व्यवहार फिसकटला तर रद्द केल्याचा कागद करून घ्या. विसार खात्यावर घ्या. काही अपवाद सोडले तर जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणे आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला. पुरते पैसे येईपर्यंत ताबा देऊ नका. मुरूम टाकतो, कुंपण करतो, बोअर पाडून बघतो, अशी कारणे सांगून ताबा घेतला जातो.

कुलमुखत्यारपत्राबद्दल मात्र जरा जास्त सांगतो. ‘मावशी, तुम्हाला तालुक्याला हेलपाटे नकोत, मला सहीचे अधिकार द्या’ हे वाक्य फार मायेचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे की नुसत्या मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही. पण विक्रीचे अधिकार दिलेले नोंदणीकृत मुखत्यारपत्र हातात असले, तर तो तुमच्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतो, त्याला हव्या त्या किमतीला. मग भाव कळायचा मार्गच उरत नाही. तुम्ही चालत्या फिरत्या असाल तर स्वतः जा, स्वतः सही करा. गिऱ्हाइकाला तिथे समोरासमोर विचारा, ‘दादा, तुम्ही एकूण किती देताय?’ या एका प्रश्नाला एजंट सगळ्यात जास्त घाबरतो.

लेकी-बहिणींनो, तुमच्यासाठीही आहे. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून आता एजंट भावांना सांगतो, आधी बहिणींची हक्कसोड करून घ्या. दिवाळीला बोलावणे येते, साडीचोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सही. भावाला प्रेमाने हक्क सोडायचा तर जरूर सोडा, तो तुमचा प्रश्न. पण सही करण्याआधी एवढे विचारा की जमिनीची बोलणी चालू आहेत का, आणि किती रुपयांची. पुष्कळदा भावालाही पुरता आकडा माहीत नसतो.

आदिवासी भगिनींच्या जमिनीला तर कायद्याचे वेगळे कुंपण आहे. बिगर आदिवासीच्या नावे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. तरीही विसाराचे कागद होतात, पैसे अर्धे मिळतात आणि वहिवाट दुसऱ्याची सुरू होते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल त्यांनीही आधी तहसील कचेरीत विचारून घ्यावे.

हे सगळे एकटीने बघायचे म्हटले तर छातीत धडकी भरेल. त्यासाठी वकील हवा, आणि तो फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीची कचेरी असते. आधार कार्ड, सातबारा आणि एजंटाने दिलेला कागद घेऊन जा. कोरी असो वा भरलेली, विसारपावतीची एक प्रत सहीच्या आधी मागून घ्या आणि ‘वकिलाला दाखवून परवा सही करते’ असे सांगा. परवापर्यंत थांबायला तयार नसलेला माणूस पुढची सहा महिने तुमच्याकडून मुदत मागतो आहे, हे त्याला तिथेच बोलून दाखवायलाही हरकत नाही.